हरिसिंहदेव खरंच काठमांडूत पोचला होता का? नेपाळचा इतिहास मूळ कागदांतून वाचताना

नेपाळच्या इतिहासावरचं कुठलंही जुनं पुस्तक उघडा, एक गोष्ट त्यात बहुतेक वेळा भेटतेच. मिथिलेचा, म्हणजे तेव्हाच्या तिरहुतचा राजा हरिसिंहदेव. १३२४-२५ च्या सुमारास दिल्लीच्या गियासुद्दीन तुघलकाची फौज त्याच्या राजधानीवर, सिम्रौनगढवर आली, तो राजधानी सोडून उत्तरेला डोंगरात शिरला, सोबत कुलदेवता तलेजू भवानी (हो, आपली तुळजाभवानी आठवतेच, पण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे), आणि त्याने काठमांडू खोरं जिंकून तिथे आपलं राज्य बसवलं. एकोणिसाव्या शतकातल्या वंशावळ्यांत, म्हणजे नेपाळी राजांच्या बखरींत, हे असंच लिहिलंय, १८७७ साली एका वंशावळीचं इंग्रजी भाषांतर छापलं गेलं त्यातही आहे, आणि तिथून ते पुढच्या पुस्तकांत गेलं आणि तिथेच मुक्काम ठोकून बसलं.

आता दुसरा कागद बघू, म्हणजे खरं तर ताडपत्र. गोपालराजवंशावली नावाची पोथी आहे, मोडकंतोडकं संस्कृत आणि जुनी नेवारी (काठमांडू खोऱ्यातल्या नेवार लोकांची भाषा) अशा दोन भाषांत लिहिलेली, चौदाव्या शतकाच्या शेवटी जयस्थिति मल्लाच्या काळातली, म्हणजे हरिसिंहदेवाच्या पळापळीनंतर साधारण साठ-सत्तर वर्षांनी झालेली. सेसिल बेंडल या इंग्रज अभ्यासकाला ती काठमांडूच्या दरबार लायब्ररीत सापडली. तिच्यात काय आहे? तर हरिसिंह वाटेतच, तीनपाटन नावाच्या जागी मेला, पुढे त्याच्या माणसांना राजगावच्या लोकांनी पकडलं आणि त्यांच्याकडचं धन लुटलं. जिंकणंबिंकणं काही नाही. खोऱ्यात पोचली ती त्याची राणी देवलदेवी, भक्तपूरच्या राजघराण्याच्या आश्रयाला, आणि पुढे तिथलं राजकारण तिने चांगलंच हातात घेतलं.

दोन्ही वंशावळ्याच, मग खरी कुठली मानायची? इथे बरेच जण म्हणतात की जुनी ती खरी, विषय संपला. पण जुनं म्हणून खरं असं काही नसतं, म्हणून तिसऱ्याच प्रकारचा पुरावा शोधायचा, ज्याला या भांडणाशी काही देणंघेणं नाही. तो म्हणजे पोथ्यांच्या पुष्पिका.

आपल्याकडच्या हस्तलिखित पोथ्या पाहिल्या असतील तर माहितीये, शेवटच्या पानावर लिहिणारा लिहितो की शके अमुक, अमुक मासे, अमुक तिथीस हे पुस्तक समाप्त. काठमांडू खोऱ्यातले लेखक यात एक गोष्ट जास्तीची टाकायचे, ती म्हणजे त्या वेळी राज्यावर कोण आहे त्याचं नाव. आता विचार करा, कोणी वैद्यकाची पोथी उतरवतोय, कोणी बौद्ध सूत्र लिहून घेतोय, त्याला राजाची भाटगिरी करायची नाहीये, तो सवयीने 'अमुक राजाच्या विजयराज्यात' असं लिहून मोकळा होतोय. अशा शेकडो पुष्पिका एकापुढे एक लावल्या की कुठल्या साली गादीवर कोण होतं याचा तक्ताच तयार होतो. इटालियन अभ्यासक लुचानो पेतेक यांनी १९५८ साली मध्ययुगीन नेपाळची कालरेषा मुख्यतः याच मार्गाने बसवली. आणि १३२४ नंतरच्या त्या सगळ्या वर्षांत पुष्पिकांमध्ये राजा म्हणून नाव येतं जयारिमल्लाचं, १३४४ पर्यंत. हरिसिंहदेव कुठेच नाही.

मग ती जिंकल्याची गोष्ट आली कुठून? मला यातला सगळ्यात मजेशीर भाग हाच वाटतो. देवलदेवीच्या मुलाची मुलगी राजल्लदेवी, तिचं लग्न जयस्थिति मल्लाशी झालं, आणि पुढचे सगळे मल्ल राजे याच जोडप्याच्या वंशातले. म्हणजे हरिसिंहदेवाशी नातं आहे, पण बाईकडून. सतराव्या शतकात काठमांडूचा राजा प्रताप मल्ल स्वतःची वंशावळ दगडावर कोरून घेतो तेव्हा ती थेट नान्यदेव, हरिसिंहदेव अशा मिथिलेच्या राजांपर्यंत नेऊन भिडवतो. मोठं घराणं, सूर्यवंश, रामापर्यंत पोच. एकदा राजाने स्वतःला हरिसिंहदेवाचा वारस म्हटलं की हरिसिंहदेव वाटेत तापाने मेला की आणखी कशाने, हे कोणाला नकोच असतं, त्याला काठमांडू जिंकावंच लागतं. आणि लक्षात घ्या, प्रताप मल्लाचा शिलालेख हा शंभर टक्के मूळ साधन आहे, दगडावर आहे, तारखेसकट आहे. फक्त तो चौदाव्या शतकाचं साधन नाहीये, सतराव्या शतकातल्या राजाला काय दाखवायचं होतं याचं साधन आहे.

मूळ साधन म्हणजे खरं सांगणारं साधन असा जो समज असतो तो इथेच सोडून द्यायचा. मूळ साधन म्हणजे त्या काळातल्या माणसाने, स्वतःच्या कामासाठी बनवलेली वस्तू. ते काम कुठलं होतं हे कळलं की मग ती वस्तू कशाबद्दल भरवशाची आणि कशाबद्दल नाही हे ठरवता येतं.

नेपाळमध्ये अशा वस्तू भरपूर आहेत, आणि बऱ्याच जागच्या जागी आहेत. सगळ्यात मागचे म्हणजे मल्लांच्या आधीच्या लिच्छवी राजांच्या काळातले शिलालेख. चांगुनारायण मंदिराच्या आवारात राजा मानदेवाचा स्तंभलेख उभा आहे, शके ३८६ चा, म्हणजे इ.स. ४६४. नवरा धर्मदेव गेल्यावर राणी राज्यवती सती जायला निघते, मुलगा मानदेव तिला थांबवतो, आणि मग पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या सामंतांवर स्वारीला जातो, असं सगळं सुरेख संस्कृत पद्यात. या लिच्छवी लेखांचा मुंबईशीही संबंध आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांच्याकडे तयार झालेले पंडित भगवानलाल इंद्रजी नेपाळात गेले, तिथल्या शिलालेखांच्या नकला घेतल्या, आणि १८८० साली जर्मन पंडित ब्यूलर यांच्यासोबत तेवीस लेख 'इंडियन अँटिक्वरी'मध्ये छापले. नेपाळच्या प्राचीन इतिहासाचा पाया घालणाऱ्यांत हे नाव फार वरचं आहे, आपल्याकडे मात्र ते सोपाऱ्याच्या स्तूपापुरतंच लोकांना आठवतं.

मल्ल काळात आलात की ताडपत्रावरचे जमिनीचे व्यवहार मिळतात, गुंडाळी करून मातीच्या मुद्रेने बंद केलेले. ठ्यासफू मिळतात, म्हणजे घडी घालत जाणारी लांबलचक वही, तिच्यात कोणीतरी वर्षानुवर्षं टिपून ठेवलेलं असतं, आज ग्रहण लागलं, आज अमुक राजाच्या मुलाची मुंज, आज भूकंप. त्यानंतर शाह राजे आणि त्यांचे राणा पंतप्रधान यांच्या काळातले लालमोहर, रुक्के, सनदा, अर्ज्या, तमसूक. हे शेवटचे शब्द वाचून पेशवे दफ्तर चाळलेल्या माणसाला घरी आल्यासारखंच वाटेल. आणि शेवटी परक्यांचं लिखाण, कॅपुचिन मिशनरी, ईस्ट इंडिया कंपनीचे अधिकारी, काठमांडूतले ब्रिटिश रेसिडेंट.

सुरुवात कुठून करायची असं कोणी विचारलं तर मी सांगेन तारखेपासून. लिपी नंतर, भाषा नंतर, आधी तारीख. कारण नेपाळच्या कागदांत शक भेटतो, मानदेव संवत भेटतो, नेपाळ संवत भेटतो, विक्रम संवत भेटतो, आणि संवत कुठला ते कधीकधी लिहिलेलंच नसतं, नुसता आकडा. शकाची आपल्याला सवय आहे, ७८ मिळवले की झालं. नेपाळ संवत सुरू झाला इ.स. ८७९ च्या ऑक्टोबरमध्ये, कार्तिक शुद्ध प्रतिपदेला, म्हणजे आपला दिवाळी पाडवा. त्यामुळे कार्तिकापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखेला ८७९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढे ८८०. उदाहरणार्थ बंगालचा सुलतान शम्सुद्दीन इलियास याने खोऱ्यावर हल्ला केला, स्वयंभूचा स्तूप जाळला, पशुपतीचं लिंग फोडलं, त्याची नोंद नेपाळ संवत ४७० च्या मार्गशीर्षाची आहे, म्हणजे इ.स. १३४९ चा शेवट. (हा हल्ला वंशावळीत आहे आणि स्वयंभूच्या दुरुस्तीचा नंतरचा शिलालेखही आहे, दोन वेगळ्या प्रकारची साधनं एकच सांगतायत, त्यामुळे यावर फारसं कोणी भांडत नाही.) विक्रम संवतातून ५७ वजा, जानेवारीनंतर ५६.

आता मराठी माणूस हमखास अडखळतो ती जागा. आपला महिना अमावास्येला संपतो. शाह काळातले विक्रम संवताचे कागद मात्र उत्तरेच्या पद्धतीने चालतात, महिना पौर्णिमेला संपतो, त्यामुळे वदि पक्षात त्यांचा महिना आपल्यापेक्षा एक पुढे असतो. गोकुळाष्टमी आपली श्रावण वद्य अष्टमी, नेपाळात तीच भाद्र कृष्ण अष्टमी. दिवस तोच. हे डोक्यात नसेल तर तारीख सरळ एक महिन्याने चुकते आणि मग तुम्हाला वाटतं की हुकूम लढाईनंतर निघालाय, प्रत्यक्षात तो आधीचा असतो. आणि गंमत म्हणजे नेपाळ संवताचे महिने आपल्यासारखेच अमावास्येला संपतात, म्हणजे एकाच शहरात दोन पद्धती.

यावर उपाय कागदातच दिलेला असतो. शाह काळातल्या कागदांत शेवटी तिथीनंतर 'रोज' लिहून आकडा असतो. रोज १ म्हणजे रविवार, रोज २ सोमवार, असं. तुम्ही काढलेल्या इंग्रजी तारखेला पंचांगाच्या सॉफ्टवेअरवर तोच वार येतोय का बघायचं. आला तर बरं, नाही आला तर एकतर महिना चुकलाय, नाहीतर संवत, नाहीतर तुम्ही आकडा चुकीचा वाचलाय, आणि क्वचित कागदच खोटा आहे. काठमांडूत नयराज पंत यांनी १९५२ साली संशोधन मंडल सुरू केलं, ते स्वतः ज्योतिषाचे, म्हणजे गणिताच्या अंगाने ज्योतिष जाणणारे पंडित, आणि त्यांनी शिष्यांना आधी हेच शिकवलं की तिथी, वार, नक्षत्र गणिताने तपासा आणि मग बोला. त्यांचं मंडळ छापून आलेल्या इतिहासातल्या चुका जाहीरपणे काढायचं, त्यावर वाद घालायचं. 'पूर्णिमा' हे त्यांचं नियतकालिक. राजवाडे आणि पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ माहीत असलेल्यांना हा खाक्या नवा वाटणार नाही.

आता एक लालमोहर जवळून बघू. लालमोहर म्हणजे लाल शिक्का मारलेला राजाचा हुकूम. सुरुवात होते 'स्वस्ति श्री गिरिराजचक्रचूडामणि नरनारायणेत्यादि विविध विरुदावली विराजमान मानोन्नत' अशा दोन ओळींच्या बिरुदांनी, मग महाराजाधिराज, राजाचं नाव, 'देवानां सदा समरविजयिनाम्'. इथपर्यंत संस्कृत. ही बिरुदं प्रत्येक हुकमात तीच असतात, त्यामुळे नवशिक्याने आधी हीच वाचावीत, मजकूर काय आहे ते आधीच माहीत असल्यामुळे त्या लेखनिकाचं अक्षर कसं वळतं, त्याचा 'र' कसा, 'ण' कसा, हे इथे फुकटात कळतं. मग 'आगे' हा शब्द येतो, तिथून खरा हुकूम सुरू, तो त्या काळच्या नेपाळीत. देवनागरीच आहे पण शब्द तोडलेले नाहीत, विरामचिन्हं नाहीत, ह्रस्वदीर्घाचा पत्ता नाही. मोडी वाचलेली असेल तर धीर सुटणार नाही.

मध्येच ओळीत एखादी मोकळी जागा दिसते. नवीन माणसाला वाटतं शाई उडाली. तसं नसतं. राजाचं किंवा देवाचं नाव मजकुराच्या ओळीत लिहायचं नाही, तर आदर म्हणून वर, कागदाच्या डोक्यावर लिहायचं, आणि ओळीत त्याची जागा रिकामी सोडायची अशी पद्धत होती. वरची नावं क्रमाने खालच्या रिकाम्या जागांत बसवत गेलं की वाक्य पुरं होतं.

आणि मग कागद उलटा करायचा. हे बरेच जण विसरतात, आणि स्कॅन करणारेही कधीकधी विसरतात. मागच्या बाजूला 'मार्फत' लिहून हा हुकूम कोणाच्या हातून निघाला त्याचं नाव असतं. गीर्वाणयुद्ध शाहाचा जन्म १७९७ चा, १७९९ ला तो गादीवर आला. म्हणजे १८०० सालचा त्याच्या नावाचा हुकूम तीन वर्षांच्या पोराने काढलाय. पुढची बाजू नुसती वाचलीत तर 'राजाने असं ठरवलं' असं लिहून बसाल, मागच्या बाजूची नावं वर्षावर्षाने लावत गेलात तर दरबारात कोणाचं वजन वाढतंय, कोणाचं नाव अचानक गायब झालंय, हे दिसायला लागतं. भीमसेन थापा १८०६ ते १८३७ मुख्तियार, म्हणजे मुख्य कारभारी होता, त्याच्या सत्तेचा नकाशा काढायचा तर ही मागची बाजू वाचायलाच हवी.

हुकमातला मजकूर वाचताना आणखी एक. हुकूम सांगतो काय व्हायला हवं होतं, काय झालं ते नाही. एखाद्या वाटेवरच्या गावकऱ्यांना हुलाक, म्हणजे सरकारी टपाल वाहायचं काम लावलेलं असतं, आणि हुकूम निघतो की यांना दुसऱ्या कुठल्या वेठीला धरू नका. दोन वर्षांनी परत तोच हुकूम. परत तोच. म्हणजे धरत होते. १८५४ च्या मुलुकी ऐनचंही तसंच, पंतप्रधान जंगबहादुर राणाच्या काळातला हा कायदा, त्यात जातींची उतरंड, कोणाच्या हातचं पाणी चालतं, कोणाला शिवलं तर शिंतोडे घ्यायचे, इतकं बारीक लिहिलंय की वाटतं समाज हुबेहूब असाच चालत होता. तसा खरंच चालत होता का ते बघायचं तर खटल्यांचे कागद आणि लोकांच्या अर्ज्या काढाव्या लागतात.

परक्यांचं लिखाण कसं वापरायचं त्यासाठी कीर्तिपूरचं उदाहरण चांगलं आहे. गोरखाचा राजा पृथ्वीनारायण शाह याला खोऱ्यातलं कीर्तिपूर घ्यायला तीन स्वाऱ्या कराव्या लागल्या, पहिल्या वेळी त्याचा सरदार कालू पांडे पडला, दुसऱ्या वेळी भाऊ सूरप्रताप याचा डोळा गेला, आणि १७६० च्या दशकात शेवटी गाव पडलं तेव्हा गावकऱ्यांची नाकं कापली, अशी गोष्ट. सांगतो कोण? फादर जुझेप्पे, कॅपुचिन मिशनरी, त्या काळात खोऱ्यातच होता. पण मिशनऱ्यांचं मल्ल राजांशी बरं होतं आणि गोरखाली आल्यावर त्यांना तिथून जावं लागलं, म्हणजे त्याला राग असणारच. नंतरची वंशावळ ८६५ हा आकडा देते, तोही उशिराचा, आणि इतका नेमका आकडा बघितला की मला तरी संशयच येतो. पण १७९३ साली कंपनीचा कर्कपॅट्रिक गोरखा दरबाराच्या संमतीने तिकडे गेला, त्याला जुन्या मिशनऱ्यांचा हिशोब चुकता करायचा नव्हता, आणि तो लिहितो की आपल्या हमालांमध्ये नाकं कापलेली माणसं दिसली तेव्हा हा प्रकार कळला. वेगळा माणूस, वेगळा काळ, वेगळं कारण, आणि डोळ्यांनी पाहिलेलं. त्यामुळे घटना घडली हे मी धरून चालतो, आकडा सोडून देतो.

मराठी वाचकाने स्वतः हात घालावा असा एक विषय मात्र आहेच, नानासाहेब पेशवे. सत्तावन्नचा उठाव मोडल्यावर ते बेगम हजरत महलसोबत नेपाळच्या तराईत शिरले, १८५९ मध्येच तापाने गेल्याच्या बातम्या आल्या, पेशवे घराण्यातल्या स्त्रियांना काठमांडूत आसरा मिळाला. इंग्रजांचा या बातम्यांवर पुरता विश्वास बसला नाही, इतका की १८७४ साली ग्वाल्हेरला एका माणसाला नानासाहेब म्हणून पकडलं आणि मग तो तो नव्हेच असं ठरलं. यात प्रत्येक कागदाला विचारायला लागतं की तू कोणासाठी लिहिला गेलास. जंगबहादूर स्वतः फौज घेऊन लखनौला इंग्रजांच्या मदतीला गेलेला, बदल्यात १८६० मध्ये त्याला पश्चिम तराईचा मुलूख परत मिळाला, आणि त्याच वेळी उठावातली माणसं त्याच्या हद्दीत. त्याने रेसिडेंटला 'नाना मेला' असं कळवलं तर त्याला ते सोयीचंच होतं, याचा अर्थ ते खोटं होतं असं नाही, फक्त एवढ्यावर भागत नाही. रेसिडेंटचे रिपोर्ट दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात परराष्ट्र खात्याच्या कागदांत बघायचे, आणि नेपाळ दरबाराचे कागद काठमांडूत.

काठमांडूत म्हणजे राष्ट्रिय अभिलेखालय, रामशाहपथावर. तिथल्या आणि खाजगी संग्रहांतल्या पोथ्यांचं नेपाळ-जर्मन प्रकल्पाने १९७० पासून २००१ पर्यंत मायक्रोफिल्मिंग केलं, एक लाख ऐंशी हजारांच्या आसपास. नेवारी साहित्यासाठी आशा सफू कुथि, छापील नेपाळी साहित्यासाठी पाटणचं मदन पुरस्कार पुस्तकालय. पण घरबसल्या सुरुवात करायची तर दोन गोष्टी पुरतात. एक, महेशचंद्र रेग्मी यांनी १९६९ पासून वीस वर्षं चालवलेली रेग्मी रिसर्च सिरीज, हजारो सरकारी कागदांचं इंग्रजी भाषांतर नाहीतर सारांश, जमीन, कर, वेठ, टपाल, सगळं, आणि नेटवर फुकट आहे. दोन, जर्मनीतल्या हायडेलबर्गचा डॉक्युमेंटा नेपालिका हा डेटाबेस, तिथे अनेक कागदांचा फोटो, देवनागरी वाचन आणि इंग्रजी भाषांतर एकाच ठिकाणी मिळतं.

तिथला एक छोटा लालमोहर घ्या, भाषांतर झाकून ठेवा, फोटो झूम करा आणि बिरुदापासून वाचत सुटा, 'आगे' सापडलं की थांबून श्वास घ्या, पुढचं वहीत उतरवून काढा आणि मग त्यांच्या वाचनाशी ताडून बघा. बिर्ता म्हणजे साधारण आपली इनाम जमीन, गुठी म्हणजे देवस्थानासाठी लावून दिलेली, एवढे दोन शब्द आले तरी निम्मे कागद कशाबद्दल आहेत ते कळतं. वार तपासायला विसरू नका.